मुलांना सेरेंगेटी पाठ, आणि आपला माळ मात्र 'उजाड'?

खडकाळ:
परवा इथे एकांनी लिहिलं की मुलांना बायोम (हवामान नि झाडोऱ्यावरून ओळखले जाणारे निसर्गाचे मोठे प्रदेश) शिकवायचे तर सरळ आफ्रिकेतलं सेरेंगेटी, ॲमेझॉन, टुंड्राच्या फिल्म दाखवाव्यात. 'आपल्याकडे बाहेर नेऊन दाखवणार काय, उजाड माळ?' ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं बालपण करमाळ्याकडच्या माळावर गेलं. तो माळ म्हणजेच सॅव्हाना, विरळ झाडांचा गवताळ प्रदेश. पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, जमीन मुरमाड, हातभर खणलं की खडक. तिथे गवतच तग धरतं: कुसळी, पवना, मारवेल. गवतावर नाकतोडे, नाकतोड्यांवर सरडे नि चंडोल. गवत खाणारे काळवीट, त्यांच्या मागावर लांडगा. मुलं पेपरात गवत-झेब्रा-सिंह अशी साखळी काढतात, तीच ही. रेहेकुरीला काळवीट आहेत, सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारा. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य 1979 साली झालं ते माळढोक पक्ष्यासाठी. माझ्या सहावीतल्या भाचीला सॅव्हानातले नऊ प्राणी येतात. माळढोक विचारला तर म्हणाली, "हे गावाचं नाव आहे का?" मला खरंच वाईट वाटलं.

दोन_मुलांची_आई:
ती पोस्ट माझीच. 'उजाड' शब्द टोचला असेल तर तेवढा मागे घेते, बाकी एक अक्षरही नाही. आम्ही डोंबिवलीत राहतो, दोघं नोकरीला, रविवार कपडे धुण्यात जातो. टुंड्रा मी कुठे नेऊन दाखवू? तिथली माती खाली वर्षभर गोठलेली असते, उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो आणि पाणी मुरायला जागाच नसते म्हणून दलदल होते. हे मुलाने फिल्ममध्ये पाहिलं. मग मातीचा डबा फ्रीजरमध्ये ठेवला, वर पाणी ओतलं आणि ते तसंच साचून राहिलेलं मला ओढत नेऊन दाखवलं. फिल्मशिवाय हे त्याला सुचलं असतं?

बार्शीचे_गुरुजी:
दोघांनाही वर्ग सांभाळायचा नाही, म्हणून बोलणं सोपं आहे. माझ्याकडे 54 मुलं. बाहेर न्यायचं तर संमतिपत्रं, वरची परवानगी, गाडीचा खर्च. एकदा ओढ्यापर्यंत नेली होती, एकाच्या पायात काटा मोडला, तर त्याचे वडील संध्याकाळी घरी भांडायला आले. आणि माळ दाखवायचा तरी कुठला? 2019 च्या 33 कोटी वृक्षलागवडीत आमच्या माळावर खड्डे पडले. मुलांनीच गिरिपुष्पाची रोपं लावली.

खडकाळ:
गुरुजी, हेच तर दुखणं आहे! परिसर अभ्यासात गवताळ प्रदेश शिकवायचा आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्याच मुलांकडून तो मोडायचा. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, त्याला लांबवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या की तो गेलाच.

टेकडीवाला:
म्हणजे आता झाडं लावणारे गुन्हेगार? 11 वर्षं आम्ही कॅन वाहून टेकडीवर पाणी घालतोय. माझी आई 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सावलीला एक झुडूप नसायचं. तिच्यासमोर 'मोकळं रान लागतं' म्हणून दाखवा. पुस्तकी माणसं!

मेंढका:
टेकडीवालेसाहेब, मी पुस्तकी नाही. आमचे वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, भाताच्या खाचरांत बसवायचे, पावसाच्या तोंडाला परत माळावर. त्या माळाला आता तारेचं कुंपण आहे. आत तेच गिरिपुष्प, आमची मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत. सरकारी नकाशात गवत नि झुडपाची जमीन 'वेस्टलँड' म्हणून रंगवतात. शंभर पिढ्या जिथे चरल्या ती जमीन वाया गेलेली कशी?

टेकडीवाला:
मी कुणाचं कुरण अडवलेलं नाही. माझ्यावर ते ढकलू नका.

दोन_मुलांची_आई:
मूळ विषय मुलांचा होता, आठवण करून देते. आणि ज्या सेरेंगेटीला नावं ठेवताय, तिथे हेच शिकायला मिळतं. 1960 च्या दशकात तिथली बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, हटली. अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट, म्हणजे तिथले कळपाने चरणारे मोठे हरणासारखे प्राणी, पुढच्या पंधरा वर्षांत तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत चरून खुजं केलं, जळायला काही उरेना, वणवे घटले आणि झाडं वाढली. गवत, चरणारे, वणवा, झाड हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं, हे मुलाला तिथूनच कळलं.

मेंढका:
बुळकांडी? आमच्या आजोबांची सात गुरं एका आठवड्यात त्यात गेली. 2011 ला जगातून संपली म्हणून जाहीर झालं, तेव्हा वडिलांनी पेपर दोनदा वाचायला लावला होता. तिकडच्या माळावरही तीच होती, हे आज कळलं ताई.

खडकाळ:
हे मलाही माहीत नव्हतं. फिल्म राहू द्या. पण फिल्मनंतर माळ दाखवा, 'माळाऐवजी फिल्म' नको. यावरून मी हटणार नाही.

टेकडीवाला:
रात्री जुने फोटो काढून पाहिले. आमच्या टेकडीचा दक्षिण उतार आधी गवताचाच होता. तिथे यंदा नवे खड्डे घेणार नाही. ओढ्याकाठची जगलेली झाडं मात्र कुणी सांगितलं तरी काढणार नाही.

बार्शीचे_गुरुजी:
शाळेमागे गायरानाचा दीडेक एकर तुकडा उरलाय. गाडी लागत नाही, म्हणजे परवानगीचं एक कारण कमी झालं. मीटरभराचा दोरीचा चौकोन टाकून आत काय काय आहे ते मोजायला लावीन. पण मला चार गवतंही ओळखता येत नाहीत, हे आधीच सांगतो.

मेंढका:
गुरुजी, गवतं वर्गातल्याच एखाद्या धनगराच्या पोराला विचारा, तो सांगेल. दिवाळीच्या सुमाराला न्या, तेव्हा कुसळं पिकलेली असतात. पायमोजे नकोत, सगळी त्यातच घुसतात. एक कुसळ तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाका, गरगर फिरायला लागतं. पहिल्या पावसात ते तसंच फिरत फिरत बी जमिनीत घुसवतं.

टेकडीवाला:
डबे खायला कुठे बसवणार त्या 54 जणांना? बार्शीपासून लांब नाही मी. ओढ्याकाठी आणा.