कॅलगरीहून ड्रमहेलर, एका दिवसात: आजी-आजोबा आणि दोन मुलं. सल्ला हवा

बो_नदीकाठ
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये एखादा आठवड्यामधला दिवस काढून इथल्या, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या ड्रमहेलरला जायचं आहे. घर कॅलगरीच्या वायव्य भागात, गाडी स्वतःची. मुलं 5 आणि 10 वर्षांची. सासू-सासरे नाशिकहून आले आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास. सासूबाई सपाटीवर छान चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने टाळतात. थोरल्याला खरी हाडं बघायची आहेत, धाकटीला माती चढायची-उतरायची आहे. यादीत सध्या रॉयल टिरेल म्युझियम (डायनासोरचं), हॉर्सशू कॅन्यन, हॉर्सथीफ कॅन्यन, हूडू (डोक्यावर दगड असलेले खांब), कोळशाची खाण, तो मोठा डायनासोर आणि डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क आहे. यातलं काय ठेवू, काय गाळू? पावसाचं काय करतात? आणि मुलांना जीवाश्म शोधून घरी आणता येतात का?

भूस्तर
सगळ्यात आधी डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क यादीतून काढा. नावामुळे बऱ्याच जणांना ते ड्रमहेलरचाच भाग वाटतं. ते ब्रूक्स गावाच्या ईशान्येला सुमारे 48 किलोमीटरवर आहे आणि ड्रमहेलरहून तिथे पोचायलाच दोन तास लागतात. 1979 पासून जागतिक वारसा स्थळ आहे, जागा अप्रतिम आहे, पण त्याला वेगळा दिवस द्या. तिथला बराचसा भाग फक्त मार्गदर्शकाबरोबरच बघता येतो आणि त्या फेऱ्यांचं आरक्षण खूप आधी करावं लागतं.

रस्ता: हायवे 2 ने उत्तरेला, क्रॉसफील्डजवळ हायवे 72 ने पूर्वेला, बायसेकरपासून तोच पुढे हायवे 9 होतो आणि थेट ड्रमहेलरला उतरतो. साधारण दीड तास. 72 आणि 9 वर दोन्ही दिशांना एकेकच लेन आहे, त्यामुळे शेतीची अवजारं पुढे आली की वेळ जातो. परतताना संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा वेग आवरा. दरीत काही ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

हॉर्सशू कॅन्यन याच हायवे 9 वर, गावाच्या 17 किलोमीटर अलीकडे, म्हणजे वाटेतच. पहिला थांबा तोच. सपाट गव्हाच्या शेतातून जाताना जमीन एकदम खचल्यासारखी दिसते, आणि हे दृश्य गाडीतळाजवळच्या कठड्यावरूनच पूर्ण दिसतं. आजी-आजोबांना एक पायरीही उतरायची गरज नाही. धाकटीला घेऊन एकाने जिन्याने खाली जावं. उतरायला सोपं आहे, चढताना पाच वर्षांचं मूल अर्ध्यात कडेवर येतं, तेवढा दम राखून उतरा. पार्किंगला थोडं शुल्क आहे.

त्या भिंतींवरचे पट्टे मुलांना वाचून दाखवा, नाहीतर सगळीकडे नुसती मातीच दिसते. काळा पट्टा कोळशाचा, म्हणजे दलदलीतलं जंगल. करडा-तपकिरी चिखलदगड पूरमैदानाचा. फिकट, वाळूचा थर जुन्या नदीच्या पात्राचा. गंजासारखा तांबूस दिसतो तो लोहदगड. हे सगळं साधारण सात कोटी वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राच्या काठी साचलं. थर जुने असले तरी दरी मात्र अगदी तरुण आहे: हिमयुग संपताना वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ती कोरली. नाशिकच्या आजोबांना इथे एक गोष्ट नक्की आवडेल. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हाचा आहे तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहत होता, म्हणजे हे थर त्याहून जुने आहेत. त्यांच्या अंगणातला काळा दगड आणि नातवाचे डायनासोर एकाच गोष्टीची शेवटची पानं आहेत.

डबा_भरला
भूस्तर यांच्याशी सहमत, फक्त वेळेचं गणित जोडते. ऑगस्टमध्ये म्युझियम सकाळी 9 ते रात्री 9 उघडं असतं. गर्दी अकरानंतर वाढते आणि दुपारी दोनपर्यंत टिकते. घरातून सातला निघा, साडेआठला हॉर्सशू, पावणेदहापर्यंत म्युझियम. तिकीट आदल्या दिवशीच ऑनलाइन काढा. 6 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, ज्येष्ठांना सवलत आहे.

आत साधारण तीन तास धरा. मांडणी बरीचशी काळाच्या क्रमाने आहे, आणि इथेच कुटुंबं फसतात. सुरुवातीच्या दालनांत प्रत्येक पाटी वाचत बसलात, तर मोठ्या डायनासोर हॉलपर्यंत पोचेतो धाकटी रडकुंडीला आलेली असते. सुरुवातीची दालनं चाळीस मिनिटांत उरका, हॉलला वेळ द्या. व्हीलचेअरने सगळीकडे फिरता येतं. सासूबाई नको म्हणाल्या तरी चौकशी करून एक घ्याच. चालण्यापेक्षा उभं राहण्याने गुडघे जास्त दुखतात.

जेवण: आत कॅफेटेरिया आहे, पण घरचं असेल तर मिडलँड प्रोव्हिन्शियल पार्कमधल्या मॅकमलन आयलंडवर बसा. म्युझियमपासून अगदी जवळ, नदीकाठी, झाडांची सावली, बाकडी. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी चटणी, काकडी. दहीभात न्यायचा तर बर्फाच्या खोक्यातच, बंद गाडीत ऊन फार तापतं. पाणी मोठ्यांना माणशी दोन लिटर, मुलांना दीड. नदीकाठी डास असतात, औषध लावूनच बसा.

नोडोसॉर_पंखा
थोरल्याला खरी हाडं हवी आहेत ना? मग त्याला आधीच सांगून ठेवा की अनेक सांगाड्यांत काही भाग साच्यातून काढलेले असतात. कुठला खरा, कुठला साचा हे पाटीवर शोधायला लावा, दहा वर्षांचं मूल यात तासभर रमतं.

चुकवू नये असं एकच सांगायचं तर *बोरिअ‍ॅलोपेल्टा*. 2011 मध्ये फोर्ट मॅकमरीजवळच्या तेलवाळूच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्या कामगाराला तो सापडला. चिलखती, झाडपाला खाणारा डायनासोर, सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची हाडं फारशी दिसतच नाहीत, कारण वरची कातडी आणि खवले जसेच्या तसे टिकले आहेत. मेल्यावर तो वाहत समुद्रात गेला, तळाशी उताणा पडला आणि लगेच गाळात झाकला गेला, म्हणून कुणी खाल्ला नाही की कुजला नाही. मार्क मिचेल या तंत्रज्ञाने दगड काढायला सुमारे 7,000 तास घालवले. म्हणून त्याच्या जातीच्या नावात मिचेल आहे: *बोरिअ‍ॅलोपेल्टा मार्कमिचेली*. त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबा. मग प्रयोगशाळेच्या काचेशी जा: आत तंत्रज्ञ बारीक हत्यारांनी दगड सोलताना दिसतात, आणि 7,000 तास म्हणजे काय ते मुलाला तिथे आपोआप समजतं.

त्याखेरीज 'ब्लॅक ब्युटी' हा टी. रेक्स, ज्याची हाडं मँगनीजमुळे काळी पडली, आणि मान मागे वळलेल्या स्थितीतला गोर्गोसॉरस. म्युझियम ज्यांच्या नावाचं आहे ते जोसेफ टिरेल 1884 मध्ये इथे कोळशाचे थर तपासायला आले होते आणि त्यांना अल्बर्टोसॉरस या डायनासोरची कवटी मिळाली. अल्बर्टोसॉरसही आत आहेच.

बो_नदीकाठ
फार छान, धन्यवाद. म्हणजे पार्क बाद. पण पावसाचं? आणि दुपारनंतर हूडू की हॉर्सथीफ? दोन्ही विरुद्ध दिशांना दिसतात.

चिखलवाट
पावसाबद्दल गांभीर्याने घ्या. इथल्या मातीत बेंटोनाइट आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती. कोरडी असताना तिचा पृष्ठभाग लाह्यांसारखा भुसभुशीत दिसतो. ओली झाली की पाणी शोषून फुगते आणि उतारावर बूट टिकतच नाही. चांगल्या तळव्याचे बूटही उपयोगाचे नाहीत, कारण दोन पावलांत खाचा भरून तळ गुळगुळीत होतो. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर दरीत उतरू नका, किमान एक कडक उन्हाचा दिवस जाऊ द्या. सकाळीच पाऊस असेल तर कठड्यावरून बघा आणि बाकी दिवस म्युझियममध्ये घालवा, पैसे वाया जात नाहीत.

कोरड्यातही दोन गोष्टी. उतारावर खड्डे किंवा भोकं दिसतील, त्यांच्या काठावर मुलांना उभं राहू देऊ नका. पाणी मातीच्या आतून वाट काढतं, वर पातळ कवच उरतं आणि पाय आत जातो. दुसरं म्हणजे निवडुंग. जमिनीलगत असतो, धाकटी घसरगुंडी करत बसली की काटे थेट मांडीत. लांब जाड पँट घाला, चिमटा जवळ ठेवा. या भागात रॅटलस्नेकही आहेत. दगडाच्या फटीत, जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही, एवढा नियम पुरतो.

कपड्यांना माती लागली तर ओली पुसू नका, पसरते. वाळू द्या आणि मग झटका. गाडीत एक जुनी चादर आणि बुटांसाठी पिशव्या ठेवा.

भूस्तर
हूडू की हॉर्सथीफ: तुमच्या घरच्यांसाठी हूडू.

हॉर्सथीफ कॅन्यन म्युझियमच्या पुढे, नॉर्थ डायनासोर ट्रेलवर. दृश्य हॉर्सशूपेक्षाही भव्य, पण काठाला संरक्षण नाही, पायऱ्या नाहीत आणि खाली उतरल्यावर सगळ्या घळी एकसारख्या दिसतात, लोक वाट चुकतात. पाच वर्षांच्या मुलीचा हात सतत धरावा लागेल. मोठी मुलं असतील तर तेच निवडा.

हूडू गावाच्या आग्नेयेला, हायवे 10 वर सुमारे 16 किलोमीटर. मऊ वालुकाश्माचे पाच ते सात मीटर उंच खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर कठीण दगड. तो दगड खालच्या भागाचं पावसापासून रक्षण करतो, म्हणून खांब उरतो आणि आजूबाजूचं वाहून जातं. दगड पडला की खांबाचे दिवस भरले. त्यामुळे खांबांना हात लावायचा नाही, चढायचं नाही, आखलेल्या वाटेवरूनच बघायचं. जागा लहान आहे, अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि आजींना गाडीजवळूनही ते दिसतात. मात्र दुपारी तीनला जाऊ नका. दरीत उष्णता कोंडते, तिथे कॅलगरीपेक्षा जास्त गरम होतं आणि उभ्या उन्हात सगळं सपाट, पांढरट दिसतं. सहानंतर जा, तिरप्या उन्हात थर उठून दिसतात. ऑगस्टमध्ये उजेड भरपूर वेळ असतो.

डबा_भरला
मधल्या दोन-तीन तासांसाठी मोठा डायनासोर ठेवा. 26 मीटर उंच, आत 106 पायऱ्या, वर जबड्यातून गाव दिसतं. आजी-आजोबा खालीच थांबतील. शेजारी लहान मुलांसाठी कारंज्यांचं मैदान आहे, तिथे मातीने माखलेली धाकटी आपसूक धुऊन निघते. बदलायचे कपडे आणि टॉवेल हाताशी ठेवा. अ‍ॅटलस कोळसा खाण ईस्ट कूलीला, हूडूंच्या पुढे आहे. तिचा लाकडी टिपल, म्हणजे कोळसा चाळून रेल्वेत भरायचा मनोरा, बघण्यासारखा आहे. पण हे सगळं एकाच दिवसात कोंबलं तर कशालाच वेळ राहणार नाही. पुढच्या वेळी.

नोडोसॉर_पंखा
जीवाश्म उचलण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. अल्बर्टात जीवाश्म ही प्रांताची मालमत्ता आहे. प्रांतीय उद्यानांत काहीही उचलायला बंदी आहे, म्हणजे म्युझियमच्या आजूबाजूची सगळी टेकडी आलीच. खणायला परवाना लागतो, तो फक्त संशोधकांना मिळतो. खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने पृष्ठभागावर पडलेलं उचलता येतं, पण ते तुमच्याकडे नुसतं सांभाळायला असतं, परवानगीशिवाय विकता किंवा प्रांताबाहेर नेता येत नाही. म्हणजे आजोबांच्या बॅगेतून नाशिकला तर मुळीच नाही.

शोधायला मात्र कुणाची ना नाही. म्युझियमच्या मागे 1.4 किलोमीटरची बॅडलँड्स वाट आहे, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी थोरल्याला घेऊन फिरा. त्याला फरक असा शिकवा: लोहदगडाचा तुटलेला कडा आतून एकसंध असतो, हाडाच्या कड्यावर बारीक छिद्रांची जाळी दिसते. सापडलं तर हलवू नका. शेजारी नाणं ठेवून जवळून एक फोटो, आजूबाजूच्या खुणा येतील असा दुसरा, आणि फोनमधून जागेचे अक्षांश-रेखांश. हे म्युझियमला कळवायचं. हाड जागेवरून हललं की ते कुठल्या थरातलं, ही निम्मी माहिती जाते. घरी काही न्यायचंच असेल तर जीवाश्माचा साचा ओतायचा कार्यक्रम म्युझियममध्ये असतो, त्याची नोंदणी तिकिटाबरोबरच करा.

बो_नदीकाठ
ठरलं तर मग: हॉर्सशू, म्युझियम, मॅकमलनला जेवण, मोठा डायनासोर आणि कारंजी, सहाला हूडू. एक शेवटचं, सासऱ्यांना नदीवरची ती तारेची फेरी, म्हणजे तारेच्या आधाराने गाड्या पलीकडे नेणारी बोट, बघायची फार इच्छा आहे. बसेल का?

चिखलवाट
ब्लेरिओ फेरी. 1913 पासून आहे, फुकट आहे, आणि विमान उडवणाऱ्या लुई ब्लेरिओच्या भावाचं नाव तिला मिळालंय. जेवणानंतर मोठ्या डायनासोरऐवजी घ्या. म्युझियमवरून हायवे 838 ने वर, फेरीने नदी ओलांडून हायवे 837 ने गावात परत. पूर्ण फेरा 48 किलोमीटरचा, तासाभरात होतो, आणि ऐन उन्हाच्या वेळी सगळे गाडीच्या गारव्यात राहतात. निघण्याआधी 511 अल्बर्टावर (रस्त्यांची माहिती देणारी सेवा) फेरी चालू आहे का ते बघा, नदीच्या पाण्यामुळे कधी कधी ती बंद ठेवतात. बंद असेल तर त्याच रस्त्याने मागे यावं लागतं.