ॲमस्टरडॅमची ज्यू मुलं कशी वाचवली? माहितगारांनी लिहावं

नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये साध्यासुध्या घरांनी ज्यू मुलं लपवली. हे प्रत्यक्षात कसं जमवलं, ते नेमकं सांगा.

रानवाट
सुरुवात यादीपासून. पकडलेल्या कुटुंबांना हॉलंडसे स्खाउबुर्ख या नाट्यगृहात डांबत आणि लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. नाट्यगृहातल्या नोंदी वॉल्टर सुस्किंड या ज्यू कर्मचाऱ्याच्या हाताखाली होत्या. मूल पळवायचं तर आधी त्याचं कार्ड गायब व्हायला हवं, नाहीतर छळछावणीकडे रवानगीच्या वेळी डोकी मोजताना एक कमी भरणार. आईवडिलांना विचारल्याशिवाय मूल हलवत नसत. पुष्कळ जण नकार देत. सगळे एकत्र राहू, ही आशा सोडवत नसे. त्यांना बोल लावायचा अधिकार कुणालाच नाही.

होकार मिळाला की पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल आणि तिथल्या तरुण दाया कामाला लागत. तान्ही बाळं पाठपिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून जात. पहारेकरी पलीकडे नाट्यगृहाच्या दारात. ट्राम मध्ये येऊन थांबली की त्याला पाळणाघर दिसत नसे. तेवढ्यात बाहेर पडायचं आणि ट्रामच्या आडोशाने पुढच्या थांब्यापर्यंत धावायचं. दुसरी वाट मागच्या अंगणातून होती. शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख योहान फान हुल्स्ट कुंपणावरून मुलं घेत. अशी सुमारे ६०० मुलं सुटली. पिमेंटेलबाईंना जुलै १९४३ मध्ये पकडलं, सप्टेंबरमध्ये ऑशविट्झला मारलं. त्याच महिन्यात पाळणाघर बंद झालं.

ओसरी
यजमान घराची पहिली अडचण शिधा. चार कार्डांवर पाच तोंडं जगवायची, आणि दुकानात जास्त पाव मागितला की शेजारी हिशोब करणार. म्हणून भूमिगत संघटना कूपनं पोचवत. त्यासाठी शिधावाटप कचेऱ्यांवर सशस्त्र छापे पडत. ओळखपत्र १५ वर्षांपासून सक्तीचं होतं, त्यामुळे लहान मुलाला खोट्या कार्डापेक्षा पटेलशी हकिकत जास्त गरजेची. सोयीची म्हणजे रॉटरडॅमची: १४ मे १९४० च्या बॉम्बफेकीत घर गेलं, म्हणून नातेवाइकांकडे आलंय. दारात सापडलेलं बाळ म्हणून नोंदवायची युक्तीही चाले, पण सापडलेली मुलं ज्यूच धरायचा हुकूम १९४३ मध्ये निघाला आणि ती वाट आखडली.

पाणंद
काळ्याभोर केसांची मुलं शक्यतो दक्षिणेत, लिम्बुर्खला पाठवत. उत्तरेकडच्या फ्रीसलँडच्या सोनेरी डोक्यांत ती लगेच उठून दिसली असती. लिम्बुर्ख कॅथलिक, म्हणून जेवणाआधीची प्रार्थना आणि छातीवर क्रूस करणं आधी घोटून घ्यायचं. मुलग्यांना घर मिळणं अवघड: ज्यू रिवाजाने सुंता झालेली, म्हणजे आंघोळ, पोहणं, डॉक्टर, सगळीकडे धोका. कुजबुज सुरू झाली की त्याच रात्री मूल दुसऱ्या घरी. १९४३ मध्ये एक ज्यू पकडून दिला की साडेसात गिल्डर (डच चलन) बक्षीस मिळत. मूल असलं तरी तेवढेच.