भोसले घराण्यात तीच ती नावे पुन्हा पुन्हा का येतात?

प्रश्न

सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही गाद्यांचा इतिहास एकत्र वाचायला घेतला की शिवाजी, संभाजी, शाहू, राजाराम आणि शहाजी ही पाच नावे आलटून पालटून येत राहतात आणि कोणती गोष्ट कोणत्या राजाची, हे ध्यानात ठेवणे अवघड जाते. माझ्या थोरल्या भावाला आमच्या आजोबांचे नाव ठेवले होते, पण ते नाव आजीला आणि आईला उच्चारायचे नसल्यामुळे दोघी त्याला शेवटपर्यंत ‘बाळ’ अशीच हाक मारत असत. त्यामुळे आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल मला ठाऊक आहे. परंतु राजघराण्यात ही चाल कशी पाळली जाई, दत्तक आलेल्या मुलाचे मूळ नाव का बदलले जाई, आणि आबासाहेब, बुवासाहेब, आप्पासाहेब अशी जी दुसरी नावे आढळतात ती कशी पडत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

‘आजोबांचे नाव’ एवढ्यावर थांबलो तर निम्मेच चित्र दिसते. भोसल्यांच्या वंशावळीत मला दिसणारा नियम ‘गेलेल्या माणसाचे नाव’ असा आहे. मग तो आजोबा असो, काका असो वा चुलता-आजोबा. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत मारले गेले आणि त्यानंतर 14 मे 1657 रोजी पुरंदरावर जन्मलेल्या मुलाचे नाव संभाजी ठेवले गेले. पुढे मार्च 1689 मध्ये या संभाजी महाराजांची हत्या झाली, तेव्हा काही वर्षांनी राजाराम महाराजांना राजसबाईंपासून झालेल्या मुलाला तेच नाव मिळाले. कोल्हापूरच्या गादीवर 1714 ते 1760 या काळात बसलेले ते हेच संभाजी.

सर्वांत मोलाचे उदाहरण शिवाजी या नावाचे आहे. 3 एप्रिल 1680 रोजी महाराज गेले. 1682 मध्ये संभाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव शिवाजी. 1696 मध्ये राजाराम महाराज आणि ताराबाईंना मुलगा झाला, त्याचेही नाव शिवाजी. दोघांचा आजोबा एकच, त्यामुळे दोघांचाही त्या नावावर सारखाच हक्क होता. पहिला मुलगा रायगड पडल्यावर वयाच्या आठव्या वर्षी मोगलांच्या हाती सापडला आणि 1707 पर्यंत त्यांच्याच छावणीत वाढला. तोच आपला शाहू. खेडच्या लढाईच्या वेळी गादीसाठी समोरासमोर उभे असलेले दोन्ही वारस पाळण्यातल्या नावाने ‘शिवाजी’च होते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘शाहू’ हे दुसरे नाव रूढ झाले नसते तर केवढा गोंधळ झाला असता याची कल्पना येते.

औरंगजेबाने या मुलाला ‘साव’ म्हटले आणि त्यावरून ‘शाहू’ झाले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मला मात्र हे पणजोबा शहाजीराजांच्या नावाचेच आटोपशीर रूप असावे असे अधिक पटते. शिवाजी महाराजांच्या मुद्रेतही ‘शाहसूनोः’ (म्हणजे शाहाच्या पुत्राची) असेच पद आहे. म्हणजे ‘शाह’ हा त्या नावाचा गाभा घरात आधीपासून ओळखीचा होता.

प्रतिसाद २

वरील विवेचनात एक भर घालतो. राजाराम हे नाव भोसल्यांच्या आधीच्या पिढ्यांत नव्हते, ते 1670 मध्ये नव्याने आले. पण 1700 मध्ये राजाराम महाराज वारले आणि तेही वारशाच्या नावांत जमा झाले: नातू रामराजा 1749 मध्ये साताऱ्याच्या गादीवर आला आणि कोल्हापूरला पुढे दोन राजाराम होऊन गेले.

तंजावरची शाखाही अवश्य पाहावी. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला स्थिरावले आणि त्यांनी आपल्या मुलांना शहाजी, सरफोजी आणि तुकोजी अशी नावे दिली. शरीफजी, शरफोजी, सरफोजी असा तो प्रवास आहे. वडिलांचे आणि लढाईत पडलेल्या काकांचे नाव व्यंकोजींनी इतक्या दूर तमिळ मुलखात जपले, हे मला फार हृद्य वाटते. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे कीर्तिमान झालेल्या दुसऱ्या सरफोजींच्या नावात तो अहमदनगरचा पीर आजही आहे.

प्रतिसाद ३

दत्तकाविषयी लिहितो. दत्तक मुलगा कायद्याने आणि धर्माने दुसऱ्या घरात जन्म घेतो, म्हणून त्याचे नाव नव्याने ठेवले जाई, आणि ते नाव त्या घरच्या पूर्वजांपैकीच असे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या विधवा राणी आनंदीबाईंनी दत्तक घेतले आणि ते शाहू झाले. येथे एक बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही: कोल्हापूरच्या गादीवर तोवर शाहू नावाचा एकही राजा झालेला नव्हता. ते नाव साताऱ्याचे, म्हणजे एकेकाळच्या प्रतिस्पर्धी शाखेचे होते. साताऱ्याचे राज्य 1848 मध्येच खालसा झाले होते. त्यामुळे छत्रपतींच्या परंपरेतले एवढे थोर नाव तेव्हा कोणत्याही गादीवर नांदत नव्हते.

बडोद्यालाही असेच झाले. मल्हाररावांना 1875 मध्ये पदच्युत केल्यावर त्यांचे थोरले बंधू खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव यांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव झाले. इतकेच नव्हे, तर त्यांच्या पहिल्या राणी तंजावरच्या लक्ष्मीबाई आणि दुसऱ्या राणी देवासच्या गजराबाई, दोघींनाही लग्नानंतर ‘चिमणाबाई’ हेच नाव देण्यात आले. झाशीचे उदाहरण तर मन हेलावून टाकते. गंगाधरराव आणि राणी लक्ष्मीबाई यांचा मुलगा दामोदर काही महिन्यांचा होऊन गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये, गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतलेल्या आनंदराव या लहानग्याला त्याच बाळाचे नाव देण्यात आले.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मग एकाच नावाच्या दोन राजांना त्या काळचे लोक वेगळे कसे ओळखत असत?

प्रतिसाद ४

‘पहिले’, ‘दुसरे’ हे क्रमांक नंतरच्या इतिहासकारांनी लावलेले आहेत, आणि सातारा व कोल्हापूर यांची मोजणी वेगवेगळी धरली की तोच राजा एका ग्रंथात दुसरा आणि दुसऱ्या ग्रंथात तिसरा ठरतो. जुन्या पिढ्यांचे शब्द निराळे होते: थोरले शाहू महाराज, थोरले बाजीराव, थोरले माधवराव. थोरल्या माधवरावांचा मृत्यू 1772 चा. 1774 मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या पुतण्याला त्यांचे नाव दिले आणि त्यापुढे ‘सवाई’ जोडले, म्हणजे पहिल्यापेक्षा सव्वापट.

आपल्या आजी आणि आईचे जे उदाहरण आपण दिले आहे, त्यातच घरगुती नावांचे मोठे कारण आहे असे माझे मत आहे. सासऱ्याचे वा नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही आणि मुलाचे नाव तर तेच, मग दुसरे नाव लागणारच. थोरल्या बाजीरावांचे पाळण्यातले नाव आजोबा विश्वनाथ यांच्यावरून विसाजी होते, आणि चिमाजी आप्पांचे अंताजी. बाळाजी बाजीराव ‘नानासाहेब’ झाले, सदाशिवराव ‘भाऊसाहेब’, रघुनाथराव ‘दादासाहेब’. अशी हाकेची नावेसुद्धा वारशाने चालत, हे विशेष: आजोबांचे नाव धारण केलेल्या दुसऱ्या बाजीरावांनी ब्रह्मावर्तास (कानपूरजवळच्या बिठूरला) धोंडोपंत यांना दत्तक घेतले आणि ते ‘नानासाहेब’ झाले. बाजीरावाचा मुलगा नानासाहेब, ही जोडी शंभर वर्षांनी पुन्हा जुळली.

वाचताना मी स्वतः वहीच्या समासात राजाच्या नावाशेजारी घरगुती नाव टिपून ठेवतो. साताऱ्याचे प्रतापसिंह बुवासाहेब आणि शहाजी आप्पासाहेब, कोल्हापूरचे शंभू आबासाहेब आणि 1838 ते 1866 या काळातील शिवाजी बाबासाहेब, अशी नोंद केली की पुढची पाने वाचताना घोटाळा होत नाही.