बाळंतपणाची भीती : नेमकी कशाची, आणि तिचं काय करायचं?

पोटुशी बाई 'भीती वाटते' म्हणाली की 'सगळ्याच बायका होतात गं बाळंत' एवढं उत्तर मिळतं. त्याने भीती जात नाही, बोलणं तेवढं थांबतं. कोकणपट्टीत बाळंतपणाचं काम रोज करणाऱ्यांनी नेमकं काय उपयोगी पडतं ते इथे लिहावं.

प्रसूती कक्षातली परिचारिका, रत्नागिरी तालुका

'मला सोसवणार नाही' ही पहिलटकरणीची सगळ्यात मोठी भीती. तिला वाटतं, एकदा सुरू झालं की सलग दुखत राहणार. तसं नसतं. कळ चढते, भरते, उतरते. ४० ते ६० सेकंद. भर जोरातही दहा मिनिटांत तीन ते पाच कळा, म्हणजे निदान निम्मा वेळ मोकळा. तो मोकळा वेळ पुढच्या कळेच्या धास्तीत गेला की बाई दमते.

कळ आली की नाकाने चार मोजत श्वास घ्यायचा आणि गरम पेजेवर फुंकर घालतो तसा तोंडाने सहा-आठ मोजत सोडायचा. भराभर श्वास घेतला तर बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ते झटक्याचं लक्षण समजून बाई आणखी घाबरते. श्वास संथ केला की मुंग्या जातात.

घाबरलेल्या बाईचे दात आवळलेले असतात, खांदे कानाशी. आधी जबडा सैल करायला सांगा. सोबतच्या बाईने कमरेखालच्या सपाट त्रिकोणी हाडावर तळहाताच्या टाचेने कळ असेपर्यंत दाबून धरायचं आणि 'अजून जोरात?' एवढंच विचारायचं. उताणं झोपवू नका. गर्भपिशवीचं वजन मोठ्या शिरेवर येतं, रक्तदाब उतरतो. डावी कूस, नाहीतर भिंतीला हात टेकून उभं.

'पिशवीचं तोंड अजून दोनच बोटं उघडलंय' हे ऐकून अवसान गळतं. ते तोंड पाच सेंटिमीटर होईपर्यंतचा काळ पहिल्या खेपेला सावकाशच जातो, कधी अख्खा दिवस. पुढे दहापर्यंत बारा तास लागले तरी चालण्यासारखं असतं. हे सातव्या-आठव्या महिन्यातच सांगून ठेवावं.

आशाताई, गुहागर तालुका

आमच्याकडे कळांपेक्षा रस्त्याची भीती मोठी, आणि ती खरी आहे. तारीख जून ते सप्टेंबरात असेल तर ३७ आठवडे भरले की दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवा. धोपावे-दाभोळ किंवा तवसाळ-जयगड फेरीबोटीच्या भरवशावर रात्रीचा बेत करू नका. १०८ला फोन करताना नुसतं गाव सांगून भागत नाही. वाडी, गाडी कुठवर येते, पाखाडी (पायऱ्यांची वाट) किती उतरायची, हे कागदावर लिहून फोनशेजारी लावा. दोन रिक्षावाल्यांचे नंबर वेगळे. पाऊस असेल तर बॅटरी हवी, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत.

पाच मिनिटांच्या अंतराने कळा आल्या की निघा, हा शहरातला हिशोब. दवाखाना तासावर असेल तर दहा मिनिटांवर निघा, दुसरी खेप असेल तर त्याहून आधी. खोट्या कळा पाणी पिऊन, कूस बदलून तासभरात विरतात. खऱ्या जवळ जवळ येतात. चिकट स्रावात रक्ताचा अंश दिसला तर घाबरायचं कारण नाही. पण रक्त वाहायला लागलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट बघायची नाही. पाणमोट फुटली तर वेळ बघा, स्वच्छ कापड घ्या, निघा. पाणी हिरवट असेल तर एक मिनिटही दवडू नका.

कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणाकडूनही घेऊ नये. पिशवी फाटू शकते.

खर्चाची भीती कुणी बोलून दाखवत नाही. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त, जाणं-येणं मोफत आहे. सरकारी दवाखान्यातली दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदरपणाची तपासणी चुकवू नका.

भूलतज्ज्ञ, सिंधुदुर्ग

कळांचं दुखणं कमी करणाऱ्या एपिड्यूरलमध्ये कमरेत बारीक नळी ठेवून औषध देतात. रक्तदाब उतरू शकतो म्हणून सलाईन लावतात. जोर करण्याचा टप्पा थोडा लांबतो. त्याने जन्माची कंबरदुखी लागत नाही. इथे बऱ्याच ठिकाणी भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतो, म्हणून 'रात्री सोय आहे का' हे आठव्या महिन्यातच विचारा. सिझरला कमरेतून भूल दिली की बाई जागी असते. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, दुखत नाही. आधी सांगितलं नाही तर त्या ओढण्यानेच ती हादरते.

समुपदेशक, दापोली

झोप उडते, विचारानेच छाती धडधडते, पहिल्या महिन्यापासून 'मला सिझरच करा' चालू असतं. बाळंतपणाच्या अशा टोकाच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात. मागचं बाळंतपण वाईट गेलेल्या बाईत हे बरेचदा दिसतं. तिला धीर देत बसण्यापेक्षा आधी तिला पूर्ण बोलू द्या. मग मागच्या वेळी काय बिघडलं होतं ते डॉक्टरांकडून जुन्या फाईलवरून समजून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. डोहाळजेवणात कुणाचे टाके उसवले त्या गोष्टी मात्र कृपा करून बंद करा.

पुन्हा परिचारिका

एक राहिलं. तूप पिऊन बाळ सरकत नाही. पोटाची वाट वेगळी, बाळाची वेगळी. एरंडेलाने जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि बाई कळांआधीच गळून येते. सुरुवातीच्या कळांत पातळ पेज, सरबत घोट घोट द्या. आणि नवव्या महिन्यात एकदा प्रसूती कक्ष दाखवायला आणा: टेबल, दिवा, बाळाला ऊब देणारं यंत्र. सोबतीला घरातली कुठली बाई आत येणार, तेही त्याच दिवशी सिस्टरला सांगून ठेवा.