रेम्ब्रांट हाऊसचा रविवार: जिन्याचं काय?

वैशाली, उत्रेख्त
नमस्कार मंडळी, रविवारी आपलं मंडळ ॲमस्टरडॅमला रेम्ब्रांट हाऊस (सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं घर, आता म्युझियम) बघायला जातंय, त्याबद्दलच्या मेधाताईंच्या मेलमध्ये ट्रेन, डबा, भेटायची जागा सगळं आलंय पण जिन्याबद्दल एक अक्षर नाही. माझे आई-बाबा आलेत साताऱ्याहून. आईला सपाटीला चालायला काही नाही, चढतेही सावकाश, पण उतरताना गुडघा धरतो आणि कुणीतरी पुढे उभं राहावं लागतं. मागे एका जुन्या घरात (नाव नको) आम्ही तिकिटं काढून आत गेलो आणि अर्ध्यातूनच परत फिरावं लागलं कारण जिना कसा आहे हे आधी कुणी सांगितलंच नाही, आणि आई दिवसभर म्हणत राहिली की माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला. ते मला पुन्हा नकोय. अलीकडे कोण जाऊन आलंय? खरं काय ते सांगा प्लीज.

मेधाताई
वैशाली, बरं झालं विचारलंस. घर १६०६ च्या सुमाराचं आहे, जिना लाकडी, अरुंद, गोल वळणाचा. एक जण वर येत असेल तर दुसऱ्याने थांबायचं. शेजारची नवी इमारत १९९८ ची, तिथे तिकीट, सामान ठेवायची सोय, प्रदर्शनाची दालनं आणि लिफ्ट आहे. पण ती लिफ्ट जुन्या घरातल्या खोल्यांसाठी नाही. व्हीलचेअर जुन्या घरात जात नाही. बाबागाडीवाल्यांनीही हे लक्षात ठेवा, लहान मूल असेल तर पोटाशी बांधायची झोळी आणा.

म्हणूनच मी मेलमध्ये लिहिलं होतं की ज्याने त्याने आपल्या गतीने बघायचं. ऑडिओ टूर तिकिटातच येते, इंग्लिश आहे. सगळा घोळका एकदम जिन्यावर नको.

सुधीरकाका
> ज्याने त्याने आपल्या गतीने

मेधा, हे मला पटलेलं नाही. हारलेमला आपण गेलो तेव्हा मी सगळ्यांना एकत्र ठेवून सांगत गेलो होतो आणि नंतर लोकांनी आवर्जून फोन केले. मंडळाच्या अशा फेऱ्यांची तयारी इतकी वर्षं मी करत आलोय, वाचून, टिपणं काढून. कानाला यंत्र लावून प्रत्येक जण वेगळ्या खोलीत उभा राहिला तर मंडळाची सहल कसली? मुलांना प्रश्न पडतात, ते कुणाला विचारणार? घरात शिरण्याआधी निदान अर्धा तास मला द्या. रेम्ब्रांटने हे घर १६३९ साली १३,००० गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) घेतलं, हप्ते कधीच पुरे झाले नाहीत, आणि १६५६ मध्ये दिवाळं निघालं तेव्हा अधिकाऱ्यांनी खोलीखोलीतून फिरून एकूण एक वस्तू लिहून काढली. ती यादी आहे म्हणून आज त्या घराच्या खोल्या पुन्हा तशा लावता आल्यात. हे माहीत नसताना आत गेलं तर लोकांना जुनं फर्निचर दिसेल, बाकी काही नाही. आणि १६५६ म्हणजे आपल्याकडे कोणतं साल? महाराजांनी जावळी घेतली ते. हे मुलांना ऑडिओ टूर सांगणार आहे का?

प्रणव, आइंडहोवन
काका, जावळीचं भारीच, हे कधी जोडून बघितलंच नव्हतं. एक शंका, मी इथे नवीन आहे म्हणून विचारतो. या घरात रेम्ब्रांटची मोठी पेंटिंग्ज नाहीत असं मित्र म्हणाला. मग 'नाइट वॉच' वगैरे त्याची गाजलेली चित्रं ॲमस्टरडॅमच्याच मोठ्या राइक्सम्युझियमला असताना आपण तिकडेच का जात नाही? तिथे लिफ्ट आहे, जिन्याचा प्रश्नच मिटला. शिवाय महाराजांचं एक जुनं चित्र राइक्सच्या संग्रहात आहे ना?

आशुतोष
ट्रेनचं सांगतो. शनिवार-रविवार पूर्ण दिवस सवलतीची वेळ असते. ज्याच्याकडे दाल फोर्देल (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) आहे त्याला ४० टक्के सूट आणि त्याच्यासोबत आणखी तिघांना तीच सूट मिळते, त्यामुळे चार-चारचे गट करा आणि प्रत्येक गटात एक कार्डवाला ठेवा. सोबतच्यांचं तिकीट आधी ऑनलाइन काढायचं, नुसतं कार्ड टॅप करून चालत नाही. ॲमस्टरडॅम सेंट्राल स्टेशनहून मेट्रो ५१, ५३, ५४ कुठलीही, दुसरं स्टेशन वॉटरलोप्लाइन. तिथून घर अगदी जवळ, योडनब्रेस्ट्राट ४.

मेधाताई
प्रणव, महाराजांचं चित्र राइक्सच्या संग्रहात आहे, सतराव्या शतकाच्या शेवटाकडे गोवळकोंड्याच्या शैलीत केलेल्या चित्रांच्या एका अल्बममध्ये. पण कागदावरचं काम आहे, कायम मांडलेलं नसतं, उजेडाने खराब होतं. त्यासाठी वेगळी चौकशी करून वेगळा दिवस ठरवू, त्यात हे मिसळू नका. एकेक करू या.

सुधीरकाका, अर्धा तास बाहेर तुम्ही बोला, माझी ना नाही. पण आत नको. खोल्या लहान आहेत, वीस माणसं एका दारात उभी राहिली तर बाकीच्या लोकांना हलता येत नाही आणि आत बोलत गट फिरवायचा तर म्युझियमला आधी विचारावं लागतं. आपण तसं काही ठरवलेलं नाही.

नीलिमा, डेल्फ्ट
प्रणवच्या प्रश्नाला उत्तर देते, थोडं लांबेल. मी जे.जे.ला प्रिंटमेकिंग केलं, त्यामुळे या घराबद्दल मला गप्प बसवत नाही.

बरोबर आहे, मोठ्या चित्रांसाठी राइक्स. पण हे घर त्याच्या एचिंगचं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांचं, घर आहे. त्याने आयुष्यात तीनशेच्या आसपास एचिंग केली आणि त्यातली जवळजवळ सगळी या म्युझियमच्या संग्रहात आहेत, आलटून पालटून थोडी थोडी लावतात. काही इतकी लहान आहेत की तळहातावर मावतील. त्यांच्यासमोर घोळक्याने उभं राहताच येत नाही, एका वेळी एक माणूस, फार तर दोन, नाक काचेला लागेपर्यंत जवळ. म्हणून मेधाताई म्हणतात तेच बरोबर, गटाने बघण्याची ही जागाच नाही.

आणि तिथे एचिंगचं प्रात्यक्षिक असतं ते चुकवू नका. तांब्याचा पत्रा, त्यावर मेणाचा पातळ थर, सुईने ओरखडायचं, म्हणजे मेण निघतं आणि तांबं उघडं पडतं. मग आम्ल. आम्ल फक्त उघड्या रेघा खातं. मग शाई चोळायची आणि पुसायची, आणि हे पुसणंच खरं कौशल्य आहे, हाताच्या कडेने शेवटचा हात फिरवतात तेव्हा रेघेतली शाई राहते आणि वरची जाते, थोडी मुद्दाम ठेवली तर चित्रात संध्याकाळ होते. मग ओलसर कागद आणि प्रेसमधून दाब. कागद उचलतात त्या क्षणी लहान मुलंसुद्धा गप्प होतात. रंग बनवण्याचंही प्रात्यक्षिक असतं, रंगाची पूड जवसाच्या तेलात दगडावर घोटतात. वरच्या मोठ्या स्टुडिओत उजेड उत्तरेकडून येतो, दिवसभर सावली फारशी सरकत नाही, चित्रकाराला तोच लागतो.

अजून एक, आणि हे आपल्या लोकांनी माहीत करूनच जावं. रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून वीसेक रेखाटनं केली, शाहजहान आहे, जहांगीर आहे, आणि ती त्याने आशियातून आलेल्या महागड्या कागदावर केली, जो तो रोजच्या स्केचसाठी वापरत नसे. एका झाडाखाली बसलेले चार वृद्ध असं एक रेखाटन आहे, ते आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. त्याचा सरळ उपयोग त्याने १६५६ च्या अब्राहम आणि देवदूतांच्या एचिंगमध्ये केला, माणसं जमिनीवर बसून जेवतायत, आपल्या पंगतीसारखी. युरोपातल्या चित्रात देवदूत असे जमिनीवर बसत नाहीत हो! ते त्याने आपल्याकडच्या चित्रावरून उचललं. दिवाळं निघालं त्याच वर्षी. घर हातातून जातंय आणि हा माणूस हिंदुस्थानातल्या चित्रकाराची पागोट्याची घडी समजून घेतोय. मला यापुढे बोलता येत नाही.

सुधीरकाका
नीलिमा, हे मुघल चित्रांचं फार छान लिहिलंस. मग माझं म्हणणं असं की बाहेरच्या अर्ध्या तासात दहा मिनिटं तू बोल, एचिंगवर. बाकी घराचा इतिहास मी सांगतो. रेम्ब्रांटची बायको सास्किया १६४२ मध्ये याच घरात वारली, मुलगा टिटस तेव्हा वर्षाचासुद्धा नव्हता. त्याआधीची तीन मुलं तान्ही असतानाच गेली होती, ती झाउडरकेर्क या चर्चमध्ये पुरलीयत, घरापासून पाच मिनिटांवर. तिथपर्यंत चालत जाऊ या, ज्यांना जिना नको त्यांनाही ते जमेल. सास्कियाची कबर आउडे केर्क या दुसऱ्या चर्चमध्ये, आणि पुढे १६६२ मध्ये पैशांची इतकी ओढाताण झाली की त्याने ती कबरसुद्धा विकली. मी हे सांगताना दर वेळी थांबतो.

वैशाली
काका, नीलिमा, वाचून जायची इच्छा दुप्पट झाली, पण आईचं अजून ठरत नाहीये. नव्या इमारतीतल्या प्रदर्शनाच्या दालनात एचिंग असतात ना, तिथे लिफ्टने जाता येतं, मग ती आणि बाबा तिथे बसतील आणि मी मुलाला घेऊन वर जाऊन येईन असं चालेल का? की आईला निदान स्वयंपाकघर तरी बघता येईल? तिला तेच बघायचंय. हेन्ड्रिक्ये (रेम्ब्रांटकडे कामाला आलेली, पुढे त्याची जोडीदार) स्वयंपाकघरात कपाटासारख्या पलंगात झोपायची हे मी तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, पाय कसे लांब करत असेल गं ती.

आशुतोष
डब्याचं राहिलं. वॉटरलोप्लाइनचा बाजार रविवारी बंद असतो, मोकळी जागा मिळेल पण वारा फार. मी सुचवतो वेर्टहाइमपार्क, चालत काही मिनिटं, बाकं आहेत, पाण्याकाठी आहे, सतरंजी टाकता येईल.

मेधाताई
वैशाली, मी उद्या म्युझियमला फोन करते आणि नेमकं विचारते, स्वयंपाकघरापर्यंत किती पायऱ्या, कुठे बसायला मिळतं, उतरताना दुसरी वाट आहे का. अंदाजाने काही सांगत नाही, तुझ्या आईंना पुन्हा तसं व्हायला नको.

नीलिमा
> वेर्टहाइमपार्क

आशुतोष, तिथे नको रे. त्या बागेत ऑशविट्झचं, नाझींनी ज्यूंना मारलं त्या छावणीचं, स्मारक आहे. यान वोल्कर्सने केलेलं, जमिनीवर तडे गेलेले आरसे, त्यात आकाश फुटलेलं दिसतं, आणि खाली तिथून आणलेली राख आहे. आपण वीस-पंचवीस जण पुरणपोळ्या आणि चिवडा घेऊन शेजारी बसायचं हे मला जमणार नाही.

आशुतोष
बाग सार्वजनिक आहे, लोक तिथे बसतात, मुलं खेळतात, मी स्वतः पाहिलंय. आपण स्मारकापासून लांब बसू, आवाज करणार नाही. माझा अनादर करायचा हेतू नाही, रविवारी पंचवीस लोकांना फुकट बसायला मिळेल अशी दुसरी जागा दाखवा.

सुधीरकाका
आशुतोष, बसणारे बसतात, ते खरं. पण तो सगळा भाग ज्यूंचा मोहल्ला होता, रस्त्याचं नावच बघ, 'योडन' म्हणजे ज्यू. रेम्ब्रांटचे शेजारी ज्यू होते, ज्यू धर्मगुरू मेनास्से बेन इझ्राएल तिथे जवळच राहायचे आणि त्यांच्या पुस्तकासाठी त्याने एचिंग करून दिली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तो मोहल्ला रिकामा केला. वेसपरस्ट्राटवर २०२१ पासून मारल्या गेलेल्यांच्या नावांचं स्मारक आहे, एक लाखाहून जास्त विटा आणि प्रत्येक विटेवर एक नाव. त्या भागात आपण गटाने गेलो तर आधी तिथे दोन मिनिटं उभं राहावं आणि जेवण दुसरीकडे. मी नीलिमाच्या बाजूने.

प्रणव
सिटी हॉल आणि ऑपेराची जी एकत्र इमारत आहे तिच्या मागे आम्स्टेलच्या काठाला बसायला पायऱ्या-बाकं आहेत, वारा आहे पण जागा मोठी. पाऊस आला तर परत ट्रेनमध्येच डबे उघडू. आणि मेधाताई, म्युझियमकार्ट (म्युझियमांचा पास) असलेल्यांनीही वेळ बुक करायची का?

मेधाताई
हो, कार्ड असलं तरी वेळ ऑनलाइन घ्या, कार्ड म्हणजे पैसे नाहीत एवढंच, आत जागा आहेच असं नाही. सगळ्यांनी एकच वेळ घेऊ नका. पहिली तुकडी सकाळी उघडल्या उघडल्या, त्यात ज्येष्ठ आणि लहान मुलं, कारण जिना तेव्हा मोकळा असतो आणि थांबत थांबत चढता येतं. दुसरी तासाभराने. मधल्या वेळात सुधीरकाका आणि नीलिमा बाहेर बोलतील, दोन्ही तुकड्यांना ऐकायला मिळेल, पहिल्यांना बघून झाल्यावर आणि दुसऱ्यांना बघायच्या आधी. डबा आम्स्टेलच्या काठाला, आशुतोष, सतरंज्या तुझ्याकडच्या आण.

सुधीरकाका
बघून झाल्यावर ऐकण्यात अर्थ नाही मेधा. पहिल्या तुकडीला मी आदल्या दिवशी टिपण पाठवतो, दोन पानांत बसवतो, आजी-आजोबांसाठी अक्षरं मोठी करतो.

मेधाताई
चालेल काका. शुक्रवारपर्यंत पाठवा.

आज फोन झाला. वैशाली, त्यांचं सांगणं असं की जुन्या घरात पायऱ्या टाळता येणार नाहीत, पण घाई कुणी करत नाही, मधेच परत फिरता येतं आणि वरच्या मजल्यांवर गेलंच पाहिजे असं नाही. म्हणजे स्वयंपाकघर करून आई नव्या बाजूला येऊ शकतात. दाराशी असलेल्या माणसाला आधी सांग, ते जिना मोकळा करून देतात.

वैशाली
ताई, खूप खूप आभार. आईला सांगितलं, म्हणाली स्वयंपाकघर बघितलं की माझं झालं, वर तुम्ही जा. पहिल्या तुकडीत आमचे चार धरा. बाबा मात्र वरपर्यंत जाणार म्हणतायत, त्यांना ती शंख-शिंपले आणि पुतळ्यांची खोली बघायचीय, त्यांच्यासोबत कुणीतरी उतरताना पुढे राहिलं तर बरं, मी आईपाशी असेन.

प्रणव
मी राहतो त्यांच्या पुढे. माझी वेळ दुसरी होती, पहिली करून घेतो.

आशुतोष
आइंडहोवनच्या लोकांना पहिल्या वेळेसाठी फार लवकर निघावं लागेल, प्रणव, रविवारी रुळांच्या कामामुळे ट्रेनऐवजी बस लावलेली नाहीये ना ते आदल्या रात्री बघून घे. आणि उत्रेख्तहून चढणाऱ्यांमध्ये दाल फोर्देल कुणाकुणाकडे आहे ते मला कळवा, वैशालीचे चार एका कार्डात बसतात.