दहावी फिजिक्स: सूत्रं सगळी पाठ, पण न्यूमेरिकल्स चुकतात. काय करावं?

सुदामानगर_आई

नमस्कार मंडळी. इंदूरचे आणि बाहेरचे जे कोणी फिजिक्स शिकवतात किंवा ज्यांच्या घरात नुकतीच दहावी होऊन गेली आहे त्यांनी जरा वेळ काढून वाचा. मुलगा दहावीला आहे, सीबीएसई, इंग्लिश मीडियम. व्याख्या विचारा, नियम विचारा, पटापट सांगतो, सूत्रं तर झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल. पण न्यूमेरिकल समोर आलं की एकतर पेन धरून नुसता बसतो, नाहीतर लगेच सूत्र लिहून त्यात आकडे कोंबतो आणि जे येईल ते उत्तर. परवाच्या ट्यूशनच्या टेस्टमधली दोन गणितं तशीच लिहिते म्हणजे कुठे अडतंय ते कळेल.

पहिलं नववीच्या भागातलं. बस ताशी ५४ किमी वेगाने चालली आहे, ब्रेक लावल्यावर मंदन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर थांबेपर्यंत किती अंतर जाईल. याने व्ही वर्ग = यू वर्ग + २एएस लावलं (यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए त्वरण, एस अंतर), सूत्र बरोबर, आणि उत्तर आलं २९१.६ मीटर. चूक.

दुसरं, कॉन्केव्ह मिरर म्हणजे अंतर्वक्र आरसा, फोकल लेंथ १५ सेंमी, वस्तू १० सेंमीवर. प्रतिमा कुठे आणि कशी. याचं उत्तर ६ सेंमी, आरशाच्या मागे, लहान. हेही चूक. म्हणतो सगळं साइन कन्व्हेन्शनमुळे (कोणतं अंतर अधिक, कोणतं वजा या नियमामुळे) होतं, पण साइन कन्व्हेन्शन विचारलं तर पूर्ण सांगतो!

आणि इलेक्ट्रिसिटीत सिरीज पॅरलल एकत्र आलं की मग काही खरं नाही. ट्यूशनवाले म्हणतात प्रॅक्टिस कमी पडते. रोज करतोय हो, कॉप्या भरल्यात. अजून किती करायचं?

रामबाग_मास्तर

ताई, आधी मुलाला हे सांगा की योग्य सूत्र निवडता येतं ही मोठी गोष्ट आहे. मी आयुष्यभर नववी-दहावीलाच शिकवलं, तिथेच अडणारी मुलं जास्त असतात. तुमच्या मुलाचं काम सूत्राच्या अलीकडे आणि पलीकडे राहिलंय, मधलं त्याला येतं.

बसचं बघू. ताशी ५४ किमी म्हणजे ५४ गुणिले ५ भागिले १८, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. मग ० = २२५ − १० एस, अंतर २२.५ मीटर. याने ५४ तसेच टाकले, त्याचा वर्ग २९१६, भागिले १०, आले २९१.६. आता बघा, उत्तर नेमकं ३.६ च्या (म्हणजे १८ भागिले ५ च्या) वर्गाइतकं, म्हणजे १२.९६ पट झालंय. वेगाचा वर्ग होतो म्हणून एककाची चूकसुद्धा वर्गात वाढते, हे त्याला करून दाखवा, पुन्हा विसरणार नाही. पण त्याहून महत्त्वाचं, २९१.६ लिहिल्यावर त्याने थांबून स्वतःला विचारायला हवं होतं की पलासिया चौकात ब्रेक मारलेली बस पाव किलोमीटरच्याही पुढे जाऊन थांबेल का? रोज रस्त्यावर बस बघणाऱ्या मुलाला याचं उत्तर माहीत असतं, फक्त ते पेपरात वापरायची परवानगी आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. फिजिक्स म्हणजे आजूबाजूचं जग, आणि मुलं ते वर्गाबाहेर ठेवून आत येतात.

आता आरसा. सूत्र १/व्ही + १/यू = १/एफ, इथे यू वस्तूचं अंतर, व्ही प्रतिमेचं, एफ फोकल लेंथ. याने वस्तूच्या अंतराला वजा लावलं, यू = −१०, पण फोकल लेंथला लावलं नाही, एफ = +१५ धरलं. मग १/व्ही = १/१५ + १/१०, म्हणजे १/६, व्ही = ६. गणित म्हणून एकदम बरोबर, फक्त आरसा बदलला! अधिक फोकल लेंथ कॉन्व्हेक्स मिररची असते, स्कूटरच्या साइड मिररची, आणि त्यात प्रतिमा मागे आणि लहानच दिसते. म्हणजे त्याने दुसऱ्या आरशाचं गणित अचूक सोडवलं. एफ = −१५ धरलं की १/व्ही = −१/१५ + १/१० = १/३०, व्ही = +३० सेंमी, आरशाच्या मागे, आभासी, सुलट. मॅग्निफिकेशन −व्ही/यू म्हणजे +३, तिप्पट मोठी.

उपाय एकच, सूत्र लिहायच्या आधी किरणांची आकृती काढायची. कच्ची चालेल, पट्टी नको, दोन किरण पुरेत. वस्तू फोकस आणि पोलच्या (आरशाच्या मध्यबिंदूच्या) मधे आहे म्हटल्यावर प्रतिमा मागे आणि मोठी येणार हे आकृतीतच दिसतं, दाढीच्या आरशात चेहरा मोठा दिसतो तो याच जागी उभं राहिल्यामुळे. मग ६ सेंमी आणि लहान असं उत्तर आलं की आकृती आणि आकडा भांडायला लागतात आणि मुलगा स्वतःच मागे जाऊन चिन्ह शोधतो. साइन कन्व्हेन्शन पाठ असून उपयोग होत नाही कारण ते आकृतीवर लावायचं असतं, सूत्रावर नाही.

स्पीड_प्रॅक्टिस

मास्तर तुमचं बरोबर असेल पण पेपर ३ तासांचा असतो आणि त्यात केमिस्ट्री बायोलॉजी पण असते, प्रत्येक गणिताला आकृती काढून विचार करत बसलं तर पेपर सुटणार. माझ्या भाच्याला मी प्रत्येक टाइपची खूप गणितं करून घेतली, टाइप ओळखायचा आणि सोडवायचं, मार्क चांगले आले. ताई टाइपवाइज करून घ्या, प्रकाशाचे आठ-दहाच टाइप आहेत.

विजयनगर_इलेक्ट्रिकल

टाइप ओळखून मार्क मिळतात हे मान्य आहे, पण सिरीज पॅरललमधे ते चालत नाही. म्हणून मी या भागावर लिहितो, बाकीचं मास्तरांनी सांगितलंच आहे.

ताई मुलाला हा प्रश्न द्या. २२० व्होल्टचे दोन बल्ब, जुने फिलामेंटवाले, एक १०० वॅटचा एक ६० वॅटचा. घरातल्यासारखे पॅरललमधे लावले तर कोणता जास्त उजळेल, आणि सिरीजमधे लावले तर कोणता? आधी न सोडवता उत्तर सांगायला लावा. दोन्ही वेळा १०० वॅटचा म्हणेल, बहुतेक मुलं तेच म्हणतात.

आता सोडवा. रोध = व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. १०० वाल्याचा ४८४ ओहम, ६० वाल्याचा साधारण ८०७ ओहम. इथेच थांबून बघायचं की जास्त वॅटच्या बल्बचा रोध कमी आहे. पॅरललमधे दोघांना व्होल्टेज सारखं, २२०, म्हणून ज्याच्यावर जे लिहिलंय तेवढीच पॉवर, १०० वाला जिंकला. सिरीजमधे करंट सारखा, एकूण रोध १२९१ ओहम, करंट ०.१७ अँपिअर. आता पॉवर = आय वर्ग आर, म्हणजे ज्याचा रोध जास्त त्याला जास्त. ६० वाल्याला साधारण २३.४ वॅट मिळतात, १०० वाल्याला १४. म्हणजे ६० वाला जास्त उजळतो. (खरं तर फिलामेंट थंड असताना रोध कमी असतो म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे वेगळे येतील, पण दहावीत रोध तेवढाच धरतात.)

सगळा गोंधळ या एका प्रश्नावर येऊन थांबतो की दोघांमधे सारखं काय आहे, करंट की व्होल्टेज. पॉवरची तीन सूत्रं आहेत, व्हीआय, आय वर्ग आर, व्ही वर्ग भागिले आर, तिन्ही बरोबर, पण करंट सारखा असेल तर आय वर्ग आर उचलायचं आणि व्होल्टेज सारखं असेल तर व्ही वर्ग भागिले आर. सर्किटची आकृती पुन्हा स्वतःच्या हाताने सरळ करून काढायची, पुस्तकात मुद्दाम वाकडीतिकडी देतात. एकाच बिंदूला जोडलेल्या सगळ्या तारांना एकच नाव द्यायचं, अ, ब, क. ज्या दोन रोधांची दोन्ही टोकं अ आणि ब आहेत ते पॅरलल, बस.

आणि एक गणित आपल्या नळाचं. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, साधारण ७० किमी. नर्मदा तिथे समुद्रसपाटीपासून साधारण १५० मीटरवर, आपण ५५० वर, म्हणजे पाणी कमीत कमी ४०० मीटर वर चढवावं लागतं. गच्चीवरची १००० लिटरची टाकी धरा. एमजीएच, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, १००० × ९.८ × ४००, आले ३९ लाख २० हजार ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका टाकीला जवळजवळ १.१ युनिट, आणि तेही पंपात आणि पाइपात काहीच वाया गेलं नाही असं धरून, वर मधे घाट आहे तो वेगळाच. वर्क एनर्जी, पॉवर, युनिट सगळं यात आलं आणि मुलगा नळ उघडा ठेवताना विचार करेल.

रामबाग_मास्तर

@स्पीड_प्रॅक्टिस, सराव नको असं मी म्हणत नाही. पण टाइप ओळखायला शिकलेला मुलगा टाइप जरासा बदलला की अडतो, आणि ताईंच्या मुलाचं तेच होतंय, कॉप्या भरल्यात असं त्यांनीच लिहिलंय. रोज थोडी गणितं करा पण प्रत्येकाचं उत्तर आल्यावर अर्धा मिनिट त्याच्याकडे बघा. आकृतीला वेळ जातो म्हणता, तर दोन किरण काढायला अर्धा मिनिट लागतं आणि चिन्ह चुकल्यावर सगळं पुन्हा करायला चार मिनिटं. शिवाय बोर्डात स्टेपचे मार्क असतात, दिलेलं काय, काढायचं काय, सूत्र, एकक, हे नीट लिहिलं तर शेवटचं उत्तर चुकलं तरी बरेच मार्क हातात राहतात.

पीसीएम_अकरावी

मी मागच्या वर्षीच दहावी दिली म्हणून लिहितोय, काकू त्याला सांगा प्रश्न वाचताना पेन्सिलने शब्दांच्या खाली रेघ मारायची. फ्रॉम रेस्ट म्हटलं की यू = ०, कम्स टू रेस्ट म्हटलं की व्ही = ०, युनिफॉर्म व्हेलॉसिटी म्हटलं की त्वरण ०. हे आकडे प्रश्नात लिहिलेले नसतात, शब्दात लपलेले असतात. मुलं म्हणतात डेटा कमी आहे, कमी नसतो.

दुसरं म्हणजे चष्म्याचा नंबर, म्हणजेच लेन्सची पॉवर, १ भागिले फोकल लेंथ. घरात कोणाचा −२ असेल तर फोकल लेंथ १ भागिले −२ म्हणजे −०.५ मीटर, म्हणजे ५० सेंमीची कॉन्केव्ह लेन्स. लेन्सच्या पॉवरमधे फोकल लेंथ मीटरमधेच टाकायची, सेंमीत टाकली की उत्तर १०० पट चुकतं. चाचपणी म्हणून चष्म्याचे नंबर लक्षात ठेवायचे, पॉवर ०.०२ आली तर कुठेतरी सेंमी राहिलेत.

आणि मोठ्या आकड्यांची भीती असेल तर आपल्याच इंदूरचं करा. राजा रामण्णा सेंटरमधे इंडस-२ हे इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं यंत्र आहे, त्याच्या रिंगचा परीघ साधारण १७२.५ मीटर आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतो. सेकंदाला किती फेऱ्या? ३ गुणिले १० चा आठवा घात, भागिले १७२.५. सतरा लाखांहून जास्त फेऱ्या येतात. सूत्र काय, तर वेग भागिले अंतर, सहावीतलं!! मला हे पहिल्यांदा सुटलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

सुदामानगर_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बल्बचा प्रश्न विचारला, दोन्ही वेळा १०० वॅट म्हणाला, मग सोडवल्यावर स्वतःच पुन्हा पुन्हा तपासत बसला आणि वडिलांना जाऊन विचारून आला की त्यांना येतं का. नर्मदेचं गणित आजोबांनीही केलं. आता त्याने स्वतः एक बनवलंय, आमचा गीझर २००० वॅटचा, १५ लिटर पाणी, थंडीत २० डिग्रीवरून ५० वर न्यायला किती वेळ. त्याचं उत्तर ९४५ सेकंद, पण म्हणतो आपल्याकडे यापेक्षा जास्त वेळ लागतो मग माझं चुकलं का? आणि मांडवगडच्या इको पॉईंटचं एक गणित आहे, आवाज १.५ सेकंदाने परत आला, आवाजाचा वेग ३४४, तर समोरची भिंत किती लांब, याने ५१६ मीटर काढलंय.

विजयनगर_इलेक्ट्रिकल

गीझर बरोबर आहे ताई, १५ × ४२०० (पाण्याची विशिष्ट उष्णता) × ३० म्हणजे १८ लाख ९० हजार ज्यूल, भागिले २०००, ९४५ सेकंद, पावणेसोळा मिनिटं. वीज अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त. घरी जास्त वेळ लागतो कारण टाकीचं धातू पण तापतं, थोडी उष्णता बाहेर जाते आणि व्होल्टेज २२० पेक्षा कमी असेल तर गीझर पूर्ण २००० वॅट ओढतच नाही. त्याचं उत्तर म्हणजे कमीत कमी लागणारा वेळ. उत्तर आल्यावर त्याने घरच्या गीझरशी ताडून बघितलं हे फार छान केलं, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या.

रामबाग_मास्तर

आवाज जाऊन परत आलाय, म्हणून ३४४ × १.५ = ५१६ हे जाण्यायेण्याचं अंतर, भिंत २५८ मीटरवर. इथेही भिंत, माणूस आणि दोन बाण एवढीच आकृती काढायला सांगा. आणि पुढचं त्याच्यासाठी: दोन आवाजांमधे ०.१ सेकंदाचं अंतर असेल तरच कानाला प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, तर भिंत कमीत कमी किती लांब हवी? उत्तर १७.२ मीटर यायला पाहिजे, ३४.४ आलं तर पुन्हा आकृतीकडे.