मीटर शॉर्टसर्किट करंट ७.७ केए (किलोअँपिअर, म्हणजे हजार अँपिअर) दाखवतोय आणि एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारे ब्रेकर) ६००० चे आहेत. बदलावेत का?

तळमजला: नमस्कार मंडळी. घराचं वायरिंग नव्याने करतोय. ट्रान्सफॉर्मर भिंतीपलीकडेच आहे म्हणून मी वायरमनला मेन स्विचपाशी लूप टेस्टर (वायरांच्या पूर्ण फेऱ्याचा अडथळा मोजणारा मीटर) लावायला सांगितलं. फेज-न्यूट्रल ०.०३ ओहम आलं, आणि खाली, शॉर्ट झाला तर वाहू शकेल तो करंट, ७.७ केए. डीबीतल्या (ब्रेकरच्या पेटीतल्या) एमसीबींवर चौकटीत ६००० छापलंय. वायरमन म्हणतो, "सी३२ आहे, जास्त करंट आला की पडणारच." पडेल हो, पण तेवढा करंट तोडू शकेल का? सप्लाय सिंगल फेज, ट्रान्सफॉर्मरपासून १६ चौ. मिमी तांब्याची केबल, अंदाजे १० मीटर.

निळीवायर: १०,००० चे टाका आणि मोकळे व्हा. तसंही सॉकेटपर्यंत पोचेस्तोवर एवढा करंट उरत नाही.

पॅनेलखोली: तळमजला, शंका अगदी रास्त आहे. ३२ हा रोज वाहायचा करंट. चौकटीतले ६००० म्हणजे शॉर्टसर्किट तोडायची ताकद अँपिअरमध्ये, आयईसी ६०८९८ या एमसीबीच्या मानकाप्रमाणे. कॉन्टॅक्ट उघडले की मधे आर्क पेटतो. तो आतल्या पत्र्यांच्या चवडीत ढकलून, त्याचे तुकडे पाडून विझवावा लागतो. करंट ताकदीबाहेरचा असेल तर आर्क विझत नाही, कॉन्टॅक्ट चिकटतात किंवा डबीच फुटते. असा एक फुटलेला एमसीबी मी उघडून पाहिलाय: चवडीतले पत्रे वितळून एकमेकांत गेलेले, कडेचं प्लॅस्टिक कोळसा झालेलं आणि शेजारच्या एमसीबीवर काजळीचा पट्टा. म्हणून "पडणारच" हे उत्तर कुणी दिलं की मला राग येतो.

आता तुमचं रीडिंग. टेस्टरची पायरी ०.०१ ओहमची आहे. ०.०३ ला ७.७ केए. खरं ०.०४ असेल तर ५.७५, म्हणजे ६००० पुरेसा. आणि ०.०२ असेल तर ११.५, म्हणजे १०,००० सुद्धा अपुरा! एका पायरीवर निर्णय फिरतोय, आणि एवढा फरक तर लीड नीट नल न केल्यानेही (टेस्टरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा न केल्यानेही) पडतो. ट्रान्सफॉर्मर इतका जवळ असताना नुसत्या मीटरवर विसंबू नका, हिशोब करा.

ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर केव्हीए (क्षमता) आणि टक्के इम्पिडन्स (त्याचा आतला अडथळा) असतो. समजा ५०० केव्हीए, ४ टक्के. ४०० व्होल्टला फुल लोड ७२२ अँपिअर, भागिले ०.०४, म्हणजे टर्मिनलवर १८ केए. १६ चौ. मिमी तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला १.१५ मिलिओहम, जाऊन-येऊन १० मीटरचे २३. ते धरले की डीबीपाशी ८ केएच्या आत येतं. तीच केबल २० मीटर असती तर साडेचारच्या आसपास. रेझिस्टन्स थंड केबलचाच धरा, तापलेल्या केबलचा धरला तर करंट कमी दिसतो.

निळीवायर, सॉकेटचं तुमचं म्हणणं खरं आहे. २.५ चौ. मिमीच्या २० मीटर वायरने करंट ७०० अँपिअरपर्यंत उतरतो. पण शॉर्ट एमसीबीच्या आउटगोइंग टर्मिनलवरच झाला तर? स्क्रूबाहेर राहिलेली तांब्याची एक तार पुरते. ब्रेकर तिथल्या करंटसाठी निवडायचा असतो.

तळमजला: पाटी ५०० केव्हीए, ४ टक्केच निघाली. म्हणजे ६००० बादच ना?

पॅनेलखोली: एकटा असेल तर बाद. वर एचआरसी फ्यूज (प्रचंड करंट तोडू शकणारा फ्यूज) असेल तर तो मोठा करंट शिखर गाठायच्या आतच तोडतो, खालच्या एमसीबीवर फार कमी ऊर्जा जाते. पण ही जोडी आपल्या मनाने जुळवायची नाही, एमसीबीच्या कंपनीचा बॅक-अप तक्ता (कोणत्या फ्यूजमागे कोणता एमसीबी किती केएपर्यंत चालतो ते) बघायचा. डीबीत आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून पडणारा स्विच) असेल तर तोही त्याच तक्त्यात शोधा. मोठा शॉर्ट तोडणं त्याचं कामच नाही, त्याला वरच्या फ्यूजचा आधार लागतोच.

तळमजला: मीटरपेटीतल्या फ्यूजवर, सील न उघडता, काचेतून १०० ए आणि ८० केए वाचता आलं. कंपनीकडे तक्ता मागितलाय.

पॅनेलखोली: तुमच्या एमसीबीचा नेमका मॉडेल, त्याच प्रकारचा १०० चा फ्यूज आणि निदान ८ केए, हे तिन्ही एका ओळीत दिसले तर ६००० राहू द्या. नाही दिसले तर १०,००० चे घ्या. आणि मेन बंद करून सगळे टर्मिनल स्क्रू एकदा तपासून घ्या.